दहावा मुद्दा

१ सप्टेंबर १९९७, सोमवार

आली एकदाची. वय एकोणतीस! मी धरून चालले होते, पस्तिशीची तरी असेल. आखूड केस, खादीचा कुर्ता, पांढरी झेन — गुडगावहून फरीदाबादपर्यंत स्वतः चालवत येते. आमचे डायरेक्टर चावलासाहेब गेटपर्यंत गेले आणायला. चौदा वर्षांत माझ्यासाठी ते खुर्चीतून एकदाच उठले, तेही डोक्यावरचा पंखा करकरला म्हणून.

सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "मृणाल जी अमेरिका से पीएचडी करके आई हैं. आज से टॉक्सिकॉलॉजी की हेड." टाळ्या. मीही वाजवल्या. हेडची खोली दोन वर्षं रिकामी होती. दोन वर्षं लॅबमधलं विषांच्या चाचण्यांचं सगळं काम मी ओढतेय — उंदीर माझे, नोंदी माझ्या, रिपोर्ट माझे. मला वाटत होतं की — जाऊ दे. लिहायचीही लाज वाटते.

वर मराठी निघाली. पुण्याची! चहाला मुद्दाम शेजारी येऊन बसली. "अलकाताई म्हटलं तर चालेल?"

आता काय म्हणणार. चालेल.

४ सप्टेंबर

परदेशी कंपनीचं मोठं काम आलंय. कापसावरचं नवं कीटकनाशक. नव्वद दिवस उंदरांना खाद्यातून द्यायचं. चार गट — एकाला साधं खाद्य, बाकीच्यांना थोडं, मध्यम, जास्त. जास्तवाले आजारी पडणार हे ठरलेलंच. शोधायचा असतो तो डोस, ज्याला काहीच होत नाही. तो सापडला की त्याला शंभरानं भागायचं, आणि माणसाच्या ताटात किती चालेल ते ठरवायचं. सगळा खेळ त्या ‘काहीच होत नाही’चा.

हे सगळं आज तिनं आम्हाला फळ्यावर समजावून सांगितलं. आम्हाला! मी हे करायला लागले तेव्हा ही शाळेत वेण्या घालून जात असेल.

कामाची प्रमुख तीच. माझं नाव ‘सहाय्य’ या रकान्यात.

९ सप्टेंबर

किल्ली गेली.

वजनखोलीची. औषध तिथं तोलायचं, खलात घोटायचं, मग खाद्यात मिसळायला पाठवायचं. ते काम मी कधी कुणाला करू दिलं नाही. आज म्हणाली, "ताई, कंपनीच्या नियमाप्रमाणे हे माझ्या हातून व्हायला हवं. किल्ली माझ्याकडे ठेवते. आणि तिथं काय काय सांभाळायचं ते मला लिहून द्याल? तुमच्याइतकं त्या खोलीबद्दल कुणालाच माहीत नाही."

गोड बोलणं तर असं की तोंडात खडीसाखर.

लिहून दिलं. नऊ मुद्दे. काटा आधी पातळीत आणायचा. हातमोजे दोन-दोन. बाटलीचं झाकण पश्चिमेकडे ठेवायचं, तिथं वारा लागत नाही. सांडलं तर धुण्याचा सोडा. वगैरे.

दहावा लिहिला नाही.

दहावा असा — लाइट गेली की जनरेटर लागतो. दिवे येतात, काटा चालू होतो, सगळं ठीक दिसतं. पण हूडचा पंखा, जो औषधाची धूळ वर ओढून बाहेर फेकतो, तो जनरेटरच्या लाइनवर नाही. बंदच राहतो. जनरेटर खिडकीखालीच घरघरतो, त्यामुळे पंखा चालू नाही हे ऐकूही येत नाही. मला हे एकोणनव्वद साली कळलं, दोन दिवस डोकं फुटेस्तोवर दुखलं तेव्हा. चावलांना तीनदा सांगितलं. "अगले साल करवाते हैं, मैडम." तेव्हापासून लाइट गेली की मी बाटली बंद करून बाहेर येते, आणि उंदरांच्या खोलीतल्या तेजपालबरोबर चहा पिते.

कागद भरला होता म्हणून राहिला.

खोटं. कागदाला खाली चार बोटं जागा होती.

विचारलं तर सांगेन की. एवढी अमेरिकेहून शिकून आलीय — पंखा चालू आहे की नाही, एवढं बघता येत नाही?

१६ सप्टेंबर

चावलांनी आज मला हाक मारली ती "मृणाल जी, ज़रा —" अशी. मग ओशाळून हसले. म्हणाले, "ज़बान पर चढ़ गया है."

२६ सप्टेंबर, शुक्रवार

दर वर्षी नव्या ट्रेनी मुलांना ‘डोस आणि परिणाम’ शिकवते ती मी. फळा, तिरकी एस आकाराची रेघ, एक तास. मुलं जांभया देतात, पण परीक्षेत लिहितात बरोबर.

यंदा ती. तिनं कँटीनमधून शिकंजीचं, लिंबाच्या सरबताचं, पातेलं मागवलं! दहा माणसं ओळीत उभी केली, त्यात चावला आणि तेजपालसुद्धा. प्रत्येकाच्या पेल्यात चिमूटभर मीठ. प्या. कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. फळ्यावर शून्य. आणखी एक चिमूट — एकजण. आणखी एक — पाच जण. तेजपाल म्हणाला, "मैडम, यो तो समंदर हो गया!" केवढा हशा. पाचव्या चिमटीला जवळजवळ सगळे थू थू करत होते.

मग तिनं ठिपके जोडले. तीच माझी एसची रेघ!

"बघा," म्हणाली, "पहिल्या चिमटीला मीठ नव्हतं असं नाही. शरीरानं ते सांभाळून घेतलं. आणि प्रत्येकाची सांभाळायची हद्द वेगळी. म्हणून ही पायरी नाही, चढ आहे. निम्म्या लोकांचं तोंड वाकडं झालं तो हा मधला बिंदू. तो सगळ्यांची हद्द नव्हे."

मुलं उभी राहून टाळ्या वाजवत होती. चौदा वर्षांत मला मीठ सुचलं नाही!

त्या ओळीत मीही होते. शेवटपर्यंत तोंड वाकडं केलं नाही. सगळे म्हणाले, वाह, मॅडम की हद्द सबसे ऊंची. घशात आग पडली होती.

२ नोव्हेंबर, रविवार

मृणाल फराळाला आली. मी बोलावलं नव्हतं — माझ्या नवऱ्यानं, सुधाकरनं बोलावलं. आमच्या लॅबच्या पार्टीत भेटली होती, लगेच म्हणे, "एकटी आहे बिचारी, दिवाळीत आपल्या माणसांत यावं."

आर. के. पुरमच्या या सरकारी क्वार्टरमध्ये तिचं इतकं कौतुक व्हावं! सुधाकर, जो मंत्रालयातून आल्यावर माझ्याशी वर्तमानपत्राच्या आडून बोलतो, तो तिला अमेरिकेतल्या शेतीबद्दल तासभर प्रश्न विचारत होता. मी सांगितलेलं कधी ऐकलं का इतकं? कीटकनाशकांचंच बोलत होते दोघं! ते मी करते!

आणि रसिका. सोळा वर्षांची माझी मुलगी. माझ्या कामाचं नाव काढलं की "ममा, चूहे, प्लीज, खाते वक्त नहीं." आज तिच्या मांडीला मांडी लावून बसली. "मृणालदीदी, मलापण टॉक्सिकॉलॉजी करायची. पण इथं नाही, बाहेर." चकली मोडत म्हणाली, "ममा, तू दीदीसारखं का नाही समजावत? किती इझी आहे यार."

मृणाल म्हणाली, "अगं, मी जे सांगते ते तुझ्या आईच्या जुन्या रिपोर्टांतूनच शिकलेय. इथं आल्यापासून रोज एक वाचते."

हे तिनं म्हणायला नको होतं. चांगुलपणाही हीच दाखवणार, तर मी करू काय?

जाताना माझ्या करंज्या डब्यात भरून मागून घेतल्या. सुधाकर म्हणाला, "गोड मुलगी आहे." मी भांडी घासली.

७ नोव्हेंबर

उंदरांची वजनं, रक्त, सगळं तपासलं. तिच्या नोंदी उलटसुलट पाहिल्या. एक चूक नाही. देवा, एक तरी!

१२ नोव्हेंबर

तिचं डोकं दुखतंय चार दिवस. "ताई, दिल्लीची ही हवा! डोळ्यांतून पाणी येतं सारखं. तुम्ही कशी वर्षं काढलीत इथं?"

दिल्लीची हवा. हं.

गेल्या आठवड्यात लाइट रोज गेली. सोमवारी पाऊण तास. ती वजनखोलीतच होती. मी बाहेर तेजपालबरोबर चहा पीत होते. त्यानं विचारलं, "छोटी मैडम ना आई बाहर?" मी म्हटलं, काम चालू असेल.

सांगावं का? उद्या सांगेन. नाहीतरी थोडंच जात असेल आत. थोडं शरीर सांभाळून घेतं — तीच तर म्हणाली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नीट लिहून ठेवते, जसं झालं तसं.

साडेअकराला ती वजनखोलीतून बाहेर आली. सही घ्यायला माझ्या टेबलाशी वाकली. खिडकी तिच्या मागे, तोंडावर पूर्ण उजेड नव्हता. सावलीच होती. सावलीत डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. तिच्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. दोन्ही. कपाळावर घाम, नोव्हेंबरात. "अक्षरं धूसर दिसतायत हो," म्हणाली, "चष्मा लागला बहुतेक." आणि रुमालानं तोंड पुसलं. लाळ.

हे मी शेकडो उंदरांत पाहिलंय. मला पुस्तक उघडायची गरज नाही.

हे औषध शरीरातल्या एका एन्झाइमला बांधून टाकतं. नसांचं काम त्यावर चालतं. बांधलेलं लवकर सुटत नाही, नवं तयार व्हायला आठवडे लागतात. म्हणजे आजचा डोस कोऱ्या पाटीवर पडत नाही, कालच्यावर चढतो. बरीच पडझड होईपर्यंत बाहेर काही दिसत नाही, म्हणून माणसाला वाटतं सगळं ठीक. दिसायला लागलं याचा अर्थ शिल्लक फार कमी उरलीय.

हे सगळं तिला माहीत आहे. माझ्याहून जास्त माहीत आहे. तिला फक्त पंख्याचं माहीत नाही. म्हणून स्वतःवर शंका येत नाही.

मी सही केली. कागद परत दिला. म्हटलं, "डोळे तपासून घे."

पुढचं औषध तोलायचं ते गुरुवारी. मध्ये दोन दिवस आहेत. तेवढ्यात सांगेन. दोन दिवस तर आहेत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सांगायलाच गेले होते तिच्या खोलीत. खरंच. चावला आधीच आत बसलेले, हातात मिठाईचा डबा. "मैडम, मुंह मीठा कीजिए! कंपनी ने मृणाल जी को जनवरी में बुलाया है. हेड ऑफिस. पूरी स्टडी ये वहां पेश करेंगी."

पूरी स्टडी! एकशे साठ उंदीर रोज सकाळी हातात घेऊन वजन करतं कोण? शेपटीवरचे नंबर वाचून डोळे कुणाचे गेले? चौदा वर्षांत मी पानिपतच्या पुढे गेले नाही, तेही काला अंबचं युद्धस्मारक बघायला, मराठी मंडळाच्या बसनं!

ती म्हणाली, "सर, अलकाताईंनाही पाठवा ना."

चावला हसले. "अरे, मैडम गई तो चूहे कौन देखेगा?"

बर्फी खाल्ली. बाहेर आले. काही सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही.

काल सव्वादहाला लाइट गेली. जनरेटर लागला. मी उंदरांच्या खोलीत होते. तेजपाल चहा घेऊन आला. मी पेला हातात धरून बसले, प्यायले नाही. घड्याळाकडे बघत होते. दहा पंचवीस. दहा तीस. ती आत आहे, मी इथं आहे, आणि मधे एक दार. दहा पस्तीसला पेला ठेवला आणि धावले.

दार उघडलं तर ती स्टुलावरून घसरून भिंतीला टेकलेली. तोंडातून फेस, नाक वाहतंय, कुर्ता घामानं ओला. मांडीचा स्नायू कातडीखाली उडत होता, मासा उडतो तसा. श्वास घेताना घरघर. खल हातात तसाच.

बाहेर ओढताना मी ओरडत होते, "लाइट गेली की बाहेर यायचं असतं! पंखा बंद होतो! जनरेटरवर नाही तो पंखा!" तिच्यावर ओरडत होते — तिच्यावर!

मग हात आपोआप चालले. अंगावरचा कोट कापून काढला. तेजपालनं बादल्या आणल्या, साबणानं हात, मान, केस धुतले. कपाटातून अ‍ॅट्रोपीनचं इंजेक्शन, या विषाचा उतारा. मांडीत पहिलं. पाच मिनिटांत काही नाही. दुसरं. तोंड ओलंच. तिसऱ्यानंतर लाळ थांबली, बाहुल्या हळूहळू उघडल्या. लॅबच्या व्हॅनमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर. रस्ताभर मी श्वास मोजले. बदरपूरच्या फाटकाशी ट्रकांची रांग लागली होती, मी दार उघडून रस्त्यात उतरून शिव्या दिल्या. मला शिव्या येतात हे मला माहीत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन किसने दिया? आपने बचा लिया."

काल तिनं तोललं ते नेहमीएवढंच. वहीत पाहिलं मी. डोस तोच होता, पण तो सांभाळायला खाली काही उरलं नव्हतं.

आणि ते मला सोमवारी कळलं होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

शुद्धीवर आहे. पुण्याहून तिची आई आलीय, हेमलताबाई. शाळेत शिक्षिका होत्या. मला बघताच उठून दोन्ही हात धरले.

मृणाल अजून थोडी भ्रमलेली. औषधांमुळे जिभेला कोरड, शब्द अडखळतात. चावला होते तिथंच. त्यांनी विचारलं, पंख्याचं माहीत नव्हतं का? मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली —

"ताईंनी सांगितलं होतं. लाइट गेली की बाहेर ये म्हणाल्या होत्या. मीच ऐकलं नाही."

चावलांनी माझ्याकडे पाहिलं. "देखा! मैडम ने वार्निंग दी थी."

तिला माझं ओरडणं आठवतंय. गुरुवारचं. बाहेर ओढताना कानावर पडलेलं. ते तिच्या डोक्यात मागे सरकून आधीचं झालंय.

मी काही बोलले नाही. हेमलताबाई रडत म्हणत होत्या, "लहानपणापासून अशीच हट्टी आहे हो. कुणी सांगितलेलं ऐकायचं म्हणून नाही."

२६ नोव्हेंबर

हेडची खोली माझी झाली.

चावलांनी बोलावून सांगितलं. कंपनीला फोन झालाय, ‘निष्काळजीपणा’ हा शब्द वापरलाय. मृणालला पत्र जाणार — अनुभवी सहकाऱ्यानं बजावूनही सुरक्षेकडे दुर्लक्ष केलं म्हणून. "हमारे पास गवाह है. आप हैं. पंखे की बात बाहर नहीं जाएगी." पंख्याची तार आजच जोडून झाली. आठ वर्षं ‘अगले साल’ होतं, आज दीड तासात झालं!

जानेवारीत कंपनीकडे मी जायचं.

खुर्ची फिरते. टेबलावर काच. खिडकीतून तिची झेन दिसते, धूळ बसलेली.

घरी सांगितलं. रसिकानं मिठी मारली. "ममा, तू तर हीरो निकली! दीदीला वाचवलंस आणि हेड झालीस!" किती वर्षांनी मारली मिठी. मी उभीच राहिले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सुधाकरला सांगितलं. सगळं — नऊ मुद्दे, सोमवार, बर्फी. तो वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "ती स्वतःच म्हणतेय ना तू सांगितलंस? मग आता कशाला उकरतेस? जीव तर वाचवलास."

वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाला, "रसिकाला बोलू नकोस."

स्वयंपाकघरात गेला आणि स्वतःचा चहा स्वतः करून घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा.

१ डिसेंबर

मत्सर होता. दुसरं नाव नाही. तिची डिग्री, तिचं वय, तिची शिकंजी, माझ्या घरात तिचं हसणं. ती मरावी असं मला कधी वाटलं नाही — हे मी शपथेवर सांगेन. थोडं व्हावं असं वाटलं. थोडीशी चूक, थोडीशी फजिती, थोडंसं आजारपण. दोन दिवस रजेवर जावी, एवढंच.

थोडं! मी! जिचा जन्म ‘थोडं म्हणजे किती’ हे शोधण्यात गेला!

२ डिसेंबर, मंगळवार

हेमलताबाई घरी आल्या. पत्ता विचारत, रिक्षानं. हातात नारळ, खण, गहू. माझी ओटी भरायला.

"मुलीचा जीव दिलात मला परत." पाटावर बसवलं. मी बसले. कुंकू लावलं. मी लावून घेतलं. पदर पुढे केला, त्यात नारळ पडला. काय जड होता!

मग पाण्याचा पेला हातात धरून हळूच म्हणाल्या, "ती म्हणते, आई, मी हे काम पुन्हा करणार नाही. एवढं स्पष्ट सांगितलेलं मी विसरले, म्हणजे मी या कामाच्या लायकीची नाही. कुणाचा तरी जीव घेईन एखाद्या दिवशी. पुण्याला चल म्हणते, शाळेत शिकवीन. तुम्ही समजावा ना तिला. तुमचं ऐकेल."

त्या गेल्यावर नारळ देवापुढे ठेववेना. ओट्यावरच राहिला.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी चावलांना सगळं खरं लिहून दिलं. वाचून म्हणाले, "मैडम, इसकी क्या ज़रूरत थी?" कागद खणात टाकायला लागले, तेव्हा सांगितलं की दुसरी प्रत टपालात पडलीय, कंपनीच्या नावानं. हेडच्या खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली.

तिथून गुडगावला, हॉस्पिटलमधून घरी आलेल्या मृणालकडे. नवी सोसायटी, अजून अर्ध्या इमारतींवर परांच्या. दार हेमलताबाईंनी उघडलं. त्यांच्यासमोरच बोलले. पंख्याचं मी तुला सांगितलं नव्हतं. कधीच नाही. जाणूनबुजून. तुला आठवतं ते मी तुला ओढताना ओरडले ते. तू काही विसरली नाहीस. आणि सोमवारी तू सहीला वाकलीस तेव्हा तुझ्या बाहुल्या पाहिल्या होत्या. कळलं होतं. गप्प बसले.

हेमलताबाईंनी अजून उघडंच असलेलं दार लावून घेतलं.

मृणालनं उशाखालून वही काढली, पेन काढलं. आजारपणाच्या नोंदी, तारीखवार, बारीक अक्षरात.

"सोमवारी किती वाजता, मॅडम?"

"साडेअकरा."

तिनं लिहून घेतलं.